बहिणीचे १६ लाख आणि देवाची क्षमा

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"मी ६१ वर्षांचा, वसई तालुक्यातला कॅथलिक. आई आधी गेली, वडील २००३ साली. आम्ही दोघंच भावंडं, मी आणि धाकटी बहीण. २००५ मध्ये 'सोसायटीच्या कर्जाचा कागद आहे' असं सांगून मी तिची हक्कसोड पत्रावर सही घेतली. २००८ मध्ये जमीन ३६ लाखांना विकली. तिला 'मुलांच्या शिक्षणाला घे' म्हणून २ लाख दिले. तिला आजही खरं ठाऊक नाही, आता ती विधवा आहे. २००५ च्या ईस्टरनंतर मी कन्फेशन (फादरांपुढे पापनिवेदन) एकदाच केलं, २०१४ साली मुलीच्या लग्नाआधी. तेव्हाही हे सांगितलं नाही. कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) मात्र दर रविवारी घेत आलो, नाहीतर लोक विचारतील. पुढच्या महिन्यात माझी बायपास आहे. मुलगा विश्वासी (प्रोटेस्टंट) मंडळीत जातो. तो म्हणतो, तारण कृपेने होतं, फादरकडे जायला नको आणि पैसेही परत करायला नकोत. मला वाटतं चर्चच्या नव्या छपरासाठी ५ लाख द्यावेत. देव मला माफ करील का? की मी नुसता मरणाला घाबरलोय?"

प्रिय बंधू,

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. हो, तुम्ही मरणाला घाबरला आहात, आणि कन्फेशनला जायला तेवढं भांडवल पुरतं. ख्रिस्तसभा, म्हणजे कॅथलिक चर्च, पश्चात्तापाचे दोन प्रकार मानते. ज्या देवावर प्रेम आहे त्याला आपण दुखावलं म्हणून जीव तुटतो, तो परिपूर्ण पश्चात्ताप. नरकाच्या भीतीने किंवा स्वतःच्याच कृत्याची किळस येऊन वाटतो, तो अपरिपूर्ण. भीतीपोटी केलेला पश्चात्ताप माणसाला ढोंगी बनवतो, असं प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारे मार्टिन लूथर म्हणत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली याला उत्तर दिलं. अपरिपूर्ण पश्चात्ताप हेही देवाचंच दान आहे, आणि तेवढं घेऊन माणूस पापनिवेदनाला आला तरी त्या संस्कारातून त्याला क्षमा मिळते. मात्र पाप सोडायची इच्छा त्यात हवी. 'ऑपरेशन पार पडलं की बघू' असं मनाच्या कोपऱ्यात असेल, तर तो पश्चात्ताप धरला जात नाही.

'देव माफ करील का' या तुमच्या शब्दांत एक समजूत दडलेली दिसते: आधी आपण काहीतरी करायचं आणि मग देव हलणार. ही समजूत फार जुनी आहे. पेलाजियस नावाचा तपस्वी म्हणे, की माणूस आपल्या इच्छाशक्तीच्या जोरावर पापापासून दूर राहू शकतो. संत ऑगस्टीनने त्याच्याशी वाद घातला आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने ते मत फेटाळलं. मग काहींनी तडजोड सुचवली, की पहिलं पाऊल माणसाचं आणि पुढची मदत देवाची. दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंज इथे ५२९ साली भरलेल्या परिषदेने तीही नाकारली. पहिलं पाऊल टाकावंसं वाटणं, हेच मुळी कृपेचं काम. वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तुम्ही कागदावर उतरवलीत, तिची सुरुवात या शिकवणुकीप्रमाणे तुमच्यापासून झालेली नाही.

पाप फार मोठं आहे का, ही शंकाही पत्रात डोकावते. इ.स. २५० च्या सुमारास, सम्राट डेसियसच्या छळात, पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने रोमन देवतांना बळी अर्पण केले. नंतर ते रडत परत आले, तेव्हा रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन आणि त्याचे अनुयायी म्हणाले, यांना क्षमा करायचा अधिकार ख्रिस्तसभेला नाहीच. ख्रिस्तसभेने नोव्हेशियनचं ऐकलं नाही. दीर्घ प्रायश्चित्त दिलं, पण दार उघडं ठेवलं. प्रत्यक्ष ख्रिस्ताला नाकारणाऱ्यांसाठी जे दार बंद झालं नाही, ते जमिनीच्या कागदासाठी बंद होणार नाही. पवित्र आत्म्याविरुद्धच्या ज्या पापाला क्षमा नाही असं मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात म्हटलंय, त्याचा अर्थ ख्रिस्तसभा असा सांगते: देऊ केलेली क्षमाच जाणूनबुजून, शेवटपर्यंत झिडकारणं. तुम्ही तर ती मागताय.

आता छपराच्या ५ लाखांचं. कृपा करून देऊ नका, निदान या कारणासाठी तरी नाही. चोरलेल्या वस्तूचा मालक माहीत असेल, जिवंत असेल आणि हाताशी असेल, तर ती वस्तू त्यालाच परत जाते. मालक सापडतच नसेल, तरच ती रक्कम गरिबांना किंवा धर्मकार्याला देता येते. तुमची बहीण कुठे राहते ते तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या पैशाने चर्चचं छप्पर घातलंत तर दान तिचं होईल आणि पाटीवर नाव तुमचं लागेल. पैसे देऊन क्षमा मिळते, हा गैरसमज ख्रिस्तसभेला एकदा फार महाग पडलाय. १५१७ चा लूथरचा निषेध दंडमाफीच्या, म्हणजे पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या, पत्रांच्या विक्रीवरच होता, आणि पुढे १५६७ साली पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या सगळ्या दंडमाफ्या रद्द केल्या.

मुलाचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे, म्हणून त्याच्याशी भांडू नका. तारण कृपेने होतं, कमाईने नाही, ही कॅथलिक शिकवणही आहे. १९९९ साली ३१ ऑक्टोबरला जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक आणि लूथरन मंडळींनी याच मुद्द्यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. पण मुलाचं ते वाक्य बायबलमधल्या ज्या पत्रातून येतं, ते त्याने पुढेही वाचावं. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ८ आणि ९ या ओवींत कृपेने तारण आहे, आणि लगेच दहावीत सत्कृत्यांसाठी आपली निर्मिती झाल्याचं म्हटलंय. चौथ्या अध्यायाच्या २८ व्या ओवीत संत पौल थेट चोराशीच बोलतो: यापुढे चोरी करू नकोस, हातांनी कष्ट कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल. कृपा मिळाली, आता लुटीचा माल ठेवून घे, असं त्या पत्रात कुठेच नाही. आणि खाजगी पापनिवेदन खुद्द लूथरनेही मोडीत काढलं नव्हतं.

लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकलीय. तिच्यातला क्रम पाहा. येशू आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत देईन, हे जक्कय त्यानंतर बोलतो. चौपट हा आकडा त्याने हवेतून आणलेला नाही. चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर एकाला चार भरून द्या, असा बायबलमधल्या निर्गमच्या पुस्तकात नियम आहे. स्वतःहून कबुली देणाऱ्यासाठी गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नियम सौम्य आहे: मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा. जक्कयने स्वतःला सौम्य नियम लावला नाही.

कन्फेशन. इथे जरा सावकाश वाचा, कारण तुमचं प्रकरण नेहमीपेक्षा गुंतलेलं आहे. २०१४ मध्ये तुम्ही मोठं पाप जाणूनबुजून लपवलंत. विसरलेलं पाप आणि लपवलेलं पाप यांत फार फरक आहे. विसरलेलं पाप बाकीच्यांबरोबर क्षमा होतं, पुढे आठवलं की पुढच्या खेपेला सांगायचं. लपवलेल्या पापामुळे मात्र ते अख्खं पापनिवेदनच निष्फळ ठरतं, कारण सांगितलेल्या पापांची क्षमा घ्यायची आणि एक मुठीत धरून ठेवायचं, असं होत नाही. म्हणजे २०१४ मध्ये जे बाकीचं सांगितलं होतं, तेही पुन्हा सांगायचं. तुमचं शेवटचं खरं कन्फेशन २००५ च्या ईस्टरचं. तिथून आजपर्यंतची मोठी पापं काढायची.

त्यासाठी एक संध्याकाळ, तासभर पुरे. दहा आज्ञा समोर ठेवा. आपल्या क्रमाने चोरी सातवी आणि खोटी साक्ष आठवी. मुलाच्या बायबलवर्गात चोरी आठवी येईल, त्यात गोंधळू नका. कागदावर टिपा, कामानंतर फाडून टाका. मोबाइलमध्ये लिहू नका, घरातला कोणीतरी तो उघडतोच. मोठ्या पापांचा प्रकार आणि संख्या सांगावी लागते. नेमकी संख्या नसेल तर अंदाज चालतो. कारणांची लांबण नको आणि दुसऱ्यांची नावंही नकोत. ऐकणाऱ्याला प्रकरणाचं वजन कळेल इतपतच बोला. उदाहरणार्थ:

"फादर, मला आशीर्वाद द्या. माझं शेवटचं खरं कन्फेशन २० वर्षांपूर्वी झालं. मधे एकदा आलो होतो, तेव्हा मोठं पाप मुद्दाम लपवलं. मी सख्ख्या बहिणीला खोटं सांगून वडिलोपार्जित जमिनीवरचा तिचा हक्क काढून घेतला आणि जमीन विकली. तिचे १६ लाख माझ्याकडे आहेत. ती विधवा आहे. त्या अवस्थेत मी जवळजवळ दर रविवारी कम्युनियन घेतलं."

शेवटचं वाक्य गाळायचा मोह होईल. गाळू नका. मोठ्या पापाच्या अवस्थेत कम्युनियन घेणं हे स्वतंत्र मोठं पाप आहे, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात पौलाने त्याबद्दल बजावलंय. आणि पापनिवेदन होईपर्यंतच्या रविवारी मिस्साला जा, पण रांगेत उभे राहू नका. कोणी विचारलंच तर 'डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत' वगैरे थाप मारू नका. बहुतेक कोणी विचारत नाही.

बाकीची पापं त्यानंतर. शेवटी 'या आणि आठवत नसलेल्या सर्व पापांबद्दल मला दुःख होतं' असं म्हणा. पश्चात्तापाची पाठ केलेली प्रार्थना विसरला असाल तर 'प्रभू येशू, देवाच्या पुत्रा, माझ्यावर, पाप्यावर दया कर' एवढं चालतं, विधीतच तशी सोय आहे. मराठीतच बोलायला हवं असं नाही. सामवेदीत किंवा वाडवळीत जीभ सैल होत असेल तर ती बोली जाणणारे फादर तुमच्याकडे आहेत.

ओळखीच्या फादरांकडे जायचं नसेल तर जाऊ नका. कोणाकडे जायचं हे निवडायची मुभा ख्रिस्तसभेचा कायदाच देतो. शेजारच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जा, वांद्र्याला जा. चेहरा दिसू नये असं वाटत असेल तर जाळीमागून बोला. ऐकलेली गोष्ट फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांना नाही, बिशपना नाही, तुमच्या बहिणीलाही नाही. ही गुप्तता जो थेट मोडतो तो धर्मगुरू त्याच क्षणी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो, आणि तो बहिष्कार उठवायचा अधिकार रोमकडेच असतो. फक्त शनिवारच्या संध्याकाळी किंवा ईस्टर-नाताळआधीच्या सामुदायिक विधीच्या रांगेत हे घेऊन जाऊ नका. तिथे एकेकाला दोन-तीन मिनिटं मिळतात, मागचा माणूस खाकरतो, आणि २०१४ मध्ये जे झालं तेच पुन्हा होतं. आधी फोन करून 'जुनं कन्फेशन आहे, ४० मिनिटं हवीत' एवढं सांगा. तो फोन फक्त वेळ ठरवायला. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर पापमुक्ती (फादरांनी उच्चारायची क्षमा) देता येत नाही.

फादर विचारतील, पैशांचं काय करणार? सगळं इथे अडू शकतं. 'परत करीन' असा प्रामाणिक निश्चय असेल तर पापमुक्ती तिथल्या तिथे मिळते, पैसे आधी पोचलेले असण्याची अट नाही. पैसे ठेवूनच घ्यायचे असतील तर फादर पापमुक्ती रोखून धरू शकतात, आणि ते त्यांचं कर्तव्यच आहे. त्यात कृपा कमी पडते असं नाही. मूठ बंद असेल तर हातावर काही ठेवता येत नाही. पापमुक्तीचे शब्द संपले की 'आमेन' म्हणा. दिलेलं प्रायश्चित्त, मग ते स्तोत्र ५१ असो, जपमाळ असो की दवाखान्यातल्या रुग्णाची भेट, शक्यतो त्याच आठवड्यात उरका. झेपणारं नसेल तर तिथेच सांगून बदलून घ्या.

म्हणजे दोन वह्या वेगवेगळ्या ठेवायच्या. देवाशी असलेला हिशेब पापमुक्तीने मिटतो, फुकट मिटतो. बहिणीचा हिशेब मात्र त्याने मिटत नाही, कारण ते पैसे क्षमेची किंमत कधीच नव्हते. ते तिचे आहेत, एवढंच.

किती द्यायचे? 'आपल्यात मुलींना जमिनीत देत नाहीत' ही सबब पत्रात तुम्ही दिली नाहीत, हे बरं केलंत. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे. आई हयात नव्हती, भावंडं दोन, म्हणून ३६ लाखांचे निम्मे १८. दिलेले २ वजा केले की १६ लाख. (ते २ लाख वजा करायचे का, यावर घासाघीस होऊ शकते, कारण तुम्ही ते भेट म्हणून दिले होते.) पण १६ हा तळाचा आकडा आहे. चोरी ठाऊक असताना जो वस्तू बाळगतो, त्याने मूळ वस्तूबरोबर तिचं उत्पन्न आणि मालकाचं झालेलं नुकसानही भरायचं असतं, असं नीतिशास्त्र सांगतं. गणनाचा पाचवा हिस्सा धरला तर १९ लाख २० हजार होतात. हेच १६ लाख ७ टक्के चक्रवाढीने १७ वर्षं बँकेत असते, तर आज ५० लाखांच्या वर गेले असते. फादर व्याजाचं कोष्टक मांडून देणार नाहीत. खरा आकडा तुम्ही आणि बहिणीने, सगळं उघड झाल्यावर, ठरवायचा.

एवढे हातात नसतील तर हप्ते करा. खरोखर अशक्य असेल तोवर परतफेड पुढे ढकलता येते, पण कर्ज जिवंत राहतं. मुलाच्या नावावर दुसरा फ्लॅट घेऊन 'परवडत नाही' म्हणता येत नाही. 'मला काही नको, दादा' असं ती म्हणाली तर तोही मार्ग आहे, मालक आपलं येणं सोडू शकतो. मात्र तिला विक्रीची खरी किंमत आणि तिचा खरा वाटा कळल्यावरच त्या सोडण्याला अर्थ आहे. अर्धवट सांगून मिळवलेली माफी म्हणजे दुसरं हक्कसोड पत्र होईल.

रकमा बँकेतून द्या. भाऊ-बहीण प्राप्तिकराच्या दृष्टीने नातेवाईक असल्याने तिला त्यावर कर पडत नाही, तरी सीएला एकदा विचारा. बोलायच्या आधी वकिलालाही भेटा, कारण हक्कसोड पत्र फसवून घेतलं हे कबूल करण्याचे कायदेशीर परिणाम आहेत. ते टाळण्यासाठी कबुलीच टाळायची, असा मात्र याचा अर्थ घेऊ नका. एरवी चोरलेली वस्तू नाव न सांगता, फादरांच्या हातूनही परत करता येते. पण इतकी मोठी रक्कम अनामिकपणे आली तर ती कसली, हे तिला कसं कळणार? आणि तिची फसवणूक झाली, हेही तिला कळायला हवं. बायकोला आधी विश्वासात घ्या, पैसे घरातून जाणार आहेत. गावाला सांगायची गरज नाही.

बहिणीसमोर एक वाक्य कधीही उच्चारू नका: "देवाने मला माफ केलंय, तू का करत नाहीस?" तिने माफ करावं ही ख्रिस्ती शिकवण आहे, पण तिला ती शिकवायचा अधिकार या प्रकरणात तुम्हाला नाही. ती रडेल, दार लावेल, वर्षभर बोलणार नाही. तुमची पापमुक्ती त्यावर अवलंबून नसते, आणि परतफेडही थांबत नाही.

पापमुक्तीनंतर हलकं वाटेलच असं नाही. वाटलं नाही म्हणून तेच पाप दुसऱ्या, तिसऱ्या फादरांना सांगत फिरू नका. ती शंकेखोर सवय होते आणि तिला अंत नसतो. एकच फादर ठरवा, ते 'पुरे' म्हणाले की पुरे. तरीही तोच विचार रात्रंदिवस डोक्यात घोळत राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर मन खचणं तसंही नवीन नाही.

उरला महिना. या आठवड्यात पापनिवेदन करा. त्याच वेळी रुग्णांचा तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा विधी, मागून घ्या. तो फक्त शेवटच्या घटकेसाठी असतो ही समजूत चुकीची आहे, गंभीर आजारामुळे होणाऱ्या ऑपरेशनआधी तो घेता येतो. फादरांपर्यंत पोचण्याआधीच काही झालं, तर परिपूर्ण पश्चात्ताप आणि शक्य होताच कन्फेशनला जायचा ठाम निश्चय एवढ्याने क्षमा मिळते, हेही ख्रिस्तसभा शिकवते. पण त्या भरवशावर थांबू नका, कामाला आधीच लागा.

आणि दवाखान्यात भरती होण्याआधी मृत्युपत्र करा. बहिणीला किती देणं आहे ते त्यात आकड्यानिशी लिहा, म्हणजे तुम्ही टेबलावरून परतला नाहीत तरी ते देणं वारसांना टाळता येणार नाही. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही. तुमची सही दोन साक्षीदारांसमोर व्हायला हवी आणि त्यांनीही तुमच्यासमोर सह्या करायला हव्यात. ज्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला साक्षीदार करू नका, ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रात तेवढा भाग रद्द ठरतो. म्हणजे बहीण नको, बायको नको, मुलगाही नको. शेजारी आणि तुमचे डॉक्टर चालतील.